आईला घेऊन, जमिनीच्या वाटेने

मोठ्या स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'चौकशीबाबू' म्हणत. सत्तावीस वर्षं त्याच खिडकीत बसून त्यांनी लोकांना वाटा सांगितल्या होत्या. देश एवढा अफाट, की एका टोकाला सूर्य उगवून वर आलेला असे तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक अजून अंथरुणात असत. त्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, बाबू डोळे किंचित मिटून सांगत, "सव्वासहाची पॅसेंजर धरा, तिसऱ्या जंक्शनला उतरा, स्टेशनबाहेर पडलं की डाव्या हाताला बसस्टँड. पावणेदोनची बस चुकवू नका, पुढची थेट दुसऱ्या दिवशी आहे." रेल्वे, बस, बोट, विमान, डोंगरातल्या भाड्याच्या जीपगाड्या, सगळं तोंडपाठ. समोरचा कॉम्प्युटर साहेबांनी बसवून दिला म्हणून चालू असे, एवढंच. कुणी घाईघाईत विचारलं, "लवकरात लवकर कसं पोचता येईल?" तर म्हणत, "त्यासाठी काल निघायला हवं होतं," आणि मग हसून खरी वाट सांगत.

सोमवारी दुपारी डबा उघडायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. धाकट्या भावाची बायको बोलत होती. धाकटा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, किनाऱ्यापासून दोन तासांवरच्या एका बेटावर राहायचा. बोटींच्या इंजिनांचा फिटर होता.

"दादा, ह्यांचं काही खरं नाही," ती म्हणाली. "पोटात गाठ आहे. चार महिने झाले. कुणाला कळवायचं नाही म्हणून बजावलं होतं मला. पण आता डॉक्टर म्हणतात, आठवडा निघाला तर निघाला. आईंना आणाल का?"

बाबूंनी डबा तसाच बंद केला. "त्याने बोलावलंय?"

"आईंना बोलावलंय," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा बाबूंनीच धाकट्याला फोनवर वाट सांगितली होती. "विमानाच्या नादी लागू नकोस, ह्या दिवसांत धुकं असतं. एक्स्प्रेस पकड. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला इथे असशील." वडिलांना इस्पितळात बर्फाच्या खोलीत ठेवलं होतं, अंत्यविधीची वेळ चारची ठरली होती. वाटेत एक्स्प्रेसचं इंजिन बिघडलं. चार वाजले. नातेवाईक घड्याळाकडे बघू लागले, कुणी म्हणालं थोडं थांबू या, कुणी म्हणालं किती थांबायचं. थोरला म्हणून सगळ्यांनी बाबूंकडे पाहिलं. बाबू म्हणाले, "ठरलेली वेळ ती ठरलेली वेळ." धाकटा सात वाजता दारात उभा राहिला तेव्हा घरात पुसलेली ओली फरशी होती आणि वडिलांची रिकामी खुर्ची. बॅग खाली न ठेवताच तो म्हणाला, "तीन तास, दादा. बापासाठी माझी तीन तास वाट बघता आली नाही तुला?"

त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन येई. बाबूंनी उचलला तर एकच वाक्य. "आईला दे."

घरी येऊन बाबूंनी आईला सांगितलं. आई एकोणऐंशीची. फुप्फुसं इतकी निकामी झालेली, की न्हाणीघरातून खाटेपर्यंत यायची तर मधे एकदा दाराची चौकट धरून थांबावं लागे. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली, आणि कपाटातून आपली दोन लुगडी काढून खाटेवर ठेवली.

"विमानाने उद्या संध्याकाळपर्यंत पोचता येतं," बाबू बायकोला हळूच म्हणाले. "पण आईला विमानात नेऊ नका म्हणून डॉक्टरांनी मागेच सांगितलंय. वर हवा विरळ असते. तिला सोसणार नाही."

"मग तुम्ही एकटे जा ना. आईंना मी सांभाळते."

आईचे कान मात्र शाबूत होते. खाटेवरूनच म्हणाली, "मला टाकून गेलास तर परत तोंड दाखवू नकोस."

"अगं आई, जमिनीवरून चार दिवस लागतात. तोवर..."

"तोवर काय ते मला कळतं. मला न्यायचं की नाही एवढं बोल."

बाबू जेवायला बसले तरी मनात तेच चाललं होतं. एकटं जावं तर भावाची भेट होईल, पण तो तोंड फिरवून म्हणणार, आई कुठाय? आईला न्यावं तर कदाचित दोघांनाही भेट नाही. इतकी वर्षं लोकांना ते बेधडक सांगत आले होते, ही गाडी धरा, ती सोडा. त्या गाडीच्या पलीकडे त्या माणसाचं कोण आजारी आहे, कोण वाट बघतंय, हे विचारण्याचं काम खिडकीचं नव्हतं. आज स्वतःवर आलं तर बुद्धी चालेना. शेवटी त्यांनी वहीचा कागद फाडला आणि लिहायला घेतलं. मंगळवारी सकाळी गाडी, बुधवारी संध्याकाळी डोंगरापलीकडचं जंक्शन, तिथे मुक्काम. गुरुवारी सकाळी बस, नऊ तास, बंदरगावी पुन्हा मुक्काम. शुक्रवारी सकाळी आठची बोट. दहाला बेटावर. आईला दम खायला मिळावा म्हणून त्यांनी प्रत्येक बदलाला चांगले चार-चार तास मोकळे सोडले होते. असला ऐसपैस बेत त्यांनी जन्मात कधी कुणाला आखून दिला नव्हता.

मग त्यांनी भावाच्या बायकोला फोन लावून तो कागद वाचून दाखवला. तिने सावकाश लिहून घेतला. "प्रत्येक स्टेशनचं नाव सांगा," ती म्हणाली. "वाटेतली सगळी."

"सगळी? ती कशाला?"

"सांगा ना, दादा."

त्यांनी सांगितली. त्रेसष्ट स्टेशनं, एकही न विसरता.

गाडीत आईला खालची खिडकीची जागा मिळाली. ती एकदाही झोपते म्हणाली नाही. बाहेर मैलोनमैल सपाट जमीन सरकत होती. मधूनच एखादं गोदाम, पाण्याची टाकी, फाटकाशी थांबलेले सायकलवाले. आई म्हणाली, "एवढं सगळं ओलांडून तो पोरगा एकटा गेला होता रे. बावीस वर्षांचा होता. आपण स्टेशनवर पोचवायला तरी गेलो होतो का?"

"मी ड्यूटीवर होतो. तू आणि बाबा गेला होतात."

"हो. खरंच. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. गाडी हलली तरी मी नाडी बांध, नाडी बांध म्हणून ओरडत होते. दुसरं काही सुचलं नाही बोलायला." आणि ती हसली. हसता हसता तिला धाप लागली. बाबूंनी थर्मासमधलं कोमट पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. आईच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. इतक्या वर्षांत आईला आपण असा हातच लावला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं.

समोरच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई होती, मुलीकडे निघालेली. तिने आईला केळं सोलून दिलं आणि विचारलं, "आजी, कुठवर?" आई म्हणाली, "लेकाकडे." बाबूंना वाटलं, ती पुढे आजाराचं सांगेल. तिने सांगितलं नाही. उलट धाकटा लहानपणी घड्याळं कशी उघडून ठेवायचा आणि जोडताना एक स्क्रू कसा नेमका उरायचा, हे रंगवून सांगत बसली.

बुधवारी दुपारी एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. पुढे नदीला पाणी चढलं होतं आणि पुलाच्या एका खांबाखालची माती सरकली होती. तासाभराने लोक खाली उतरू लागले. बाबूही उतरले आणि खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते चौकशीच्या खिडकीच्या ह्या बाजूला होते. आतला माणूस वर न बघता एकेकाला सांगत होता, "सूचना आली की सांगू. सूचना आली की सांगू." बाबूंचा नंबर आला.

"मीही रेल्वेचाच आहे," ते अजीजीने म्हणाले. "घरात माणूस अत्यवस्थ आहे. निदान अंदाज तरी द्या. चार तास? की उद्या?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याने वर पाहिलं. "साहेब, तुम्हाला ठाऊकच आहे. मला जे कळतं तेवढंच मी बोलणार. सूचना आली की सांगू."

हे वाक्य बाबूंनी स्वतः हजारदा म्हटलं होतं. ऐकायला ते असं लागतं, हे ठाऊक नव्हतं.

रात्र सगळ्यांनी डब्यातच काढली. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास ते फलाटावरच्या नळावर थर्मास भरत असताना फोन आला. त्यांनी नाव पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"गेले," ती म्हणाली. "सात वाजता. झोपेतच." तिचा आवाज कोरडा होता. रडून झालं होतं, किंवा अजून रडायचं होतं. "दादा, आता मी काय करू ते सांगा. इथे दवाखान्यात तशी सोय नाही. उकाडा आहे. बर्फ म्हणाल तर मासळीच्या कारखान्यात आहे फक्त. ते लोक म्हणतात, ठेवा. पण मासळीत... मला ते बघवणार नाही. तरी तुम्ही थांब म्हणालात तर थांबेन. किती वेळ लागेल, तेवढं खरं सांगा."

किती वेळ लागेल. आख्खा जन्म ह्या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेला होता. बाबू नळ तसाच वाहता ठेवून मनाशी सगळ्या वाटा धुंडाळू लागले. पूल आज सुरू झाला तर, नाही झाला तर, वरच्या घाटातून जीप केली तर, घाटाच्या पलीकडे बस मिळाली तर. एक वाट स्वच्छ दिसत होती. इथून पाच तासांवर विमानतळाचं शहर होतं. त्या शिवणकामवाल्या बाईवर आईला सोपवलं तर ते एकटे उद्या सकाळी बेटावर पोचत होते. आईला घेऊन मात्र दोन दिवस, कदाचित तीन. आणि थांबा म्हणायला त्यांना तोंड कुठे होतं? त्यांनी ज्याच्यासाठी तीन तास थांबायचं नाकारलं होतं, त्यालाच आता बर्फावर तिष्ठत ठेवा म्हणायचं?

"दहा मिनिटांत सांगतो," ते म्हणाले. "आईला विचारतो."

आई खिडकीशी बसून होती. त्यांना येताना पाहूनच तिने पदर सावरला. ते समोर बसले.

"कधी गेला?" आईनेच विचारलं.

"सात वाजता."

"सातला मी चहा पीत होते," आई म्हणाली. तिने डाव्या बाजूला ठेवलेल्या कागदी पेल्याकडे पाहिलं. शिवणकामवाली बाई मुकाट्याने उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

बाबूंनी सगळं सांगितलं. उकाडा, मासळीचा कारखाना, दोन दिवस, तीन दिवस, विमानतळाचं शहर. काही लपवलं नाही. "तू म्हणशील तसं. थांब म्हण, ती थांबेल. बाबांच्या वेळी मी... आई, त्या वेळी मी चुकलो. ह्या वेळी तू सांग."

आईने कमरेचा रुमाल काढून मुठीत धरला. तिचा श्वास घरघरत होता. मग म्हणाली, "थांबवू नकोस तिला. तिच्या जिवाचे हाल कशाला? आणि माझं पोर मासळीत नको ठेवायला."

"पण तुला त्याला शेवटचं बघायला..."

"त्याला पहिल्यांदा मीच बघितलं होतं. सगळ्यांच्या आधी." तिने कागदी पेला बाकाखाली ठेवला. "तेवढं माझ्यापाशी आहे. तू जायचं तर जा विमानाने. मी बसते इथे."

बाबू उठले, पुन्हा बसले. जायला हवं, असं त्यांचं मन ओरडत होतं. निदान त्याचा चेहरा. निदान एकदा त्याच्या पायाशी उभं राहणं. आईच्या हातातला रुमाल मुठीत चुरगळून ओला झाला होता. त्या अनोळखी स्टेशनात, अडकलेल्या गाडीत, लेक गेल्याच्या दिवशी तिला परक्या बाईवर टाकून जायचं त्यांच्याने होईना.

त्यांनी फोन लावला. "थांबू नका. आम्ही येतोय, पण आमच्यासाठी थांबू नका." एवढं बोलले, आणि फलाटाच्या टोकाला जाऊन माणसाने रडू नये असे हंबरडा फोडून रडले. रुळाच्या कडेला काम करणारे दोन मजूर फावडी टेकून त्यांच्याकडे बघत राहिले.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "आई, मग आता माघारी फिरायचं का? तुला हा प्रवास..."

"माघारी?" आईला त्यांचं नवलच वाटलं. "सून आहे, नात आहे. त्यांना कोण?"

पुढची वाट कुठल्याच वेळापत्रकात नव्हती. चौकशी करता करता त्यांना भाजीची एक जीप सापडली. ड्रायव्हरने पुढची जागा आईला दिली, बाबू मागे रिकाम्या क्रेटांवर बसले. घाटाच्या पायथ्याला बस मिळाली. आईला इतकी धाप लागली, की बसवाल्याने दोनदा गाडी थांबवली आणि एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही. एका गावात डॉक्टरने तिला अर्धा दिवस ऑक्सिजन लावून झोपवून ठेवलं. "ह्या बाईंना घेऊन कुठे निघालात?" तो बाबूंवर डाफरला. बाबू म्हणाले, "त्याच मला घेऊन निघाल्यात." शुक्रवारची सकाळ उलटली, आठची बोट गेली, तेव्हा ते अजून डोंगरात होते. शनिवारी दुपारच्या बोटीने ते एकदाचे बेटावर उतरले.

धक्क्यावर धाकट्याची बायको आणि सोळा वर्षांची मुलगी उभ्या होत्या. आईने बोटीवरूनच नातीला ओळखलं. ती उतरली, नातीच्या खांद्यावर हात टाकला आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसली. दम परत येईपर्यंत ती नातीचा हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा बोटांनी चाचपत होती. "कपाळ त्याचंच," ती म्हणाली. मग सून तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. पहिल्यांदाच, असं नंतर मुलीने सांगितलं.

घर दोन खोल्यांचं होतं, ग्रीसचा वास असलेलं. आतल्या खोलीत खाट होती. चादर बदललेली होती. उशाशी भिंतीवर देशाचा एक शाळकरी नकाशा टाचण्यांनी लावला होता आणि त्यावर पेन्सिलीने त्रेसष्ट बारीक टिंबं काढलेली होती.

"झोपल्या झोपल्या बघता यावा म्हणून लावून घेतला," भावाची बायको म्हणाली. "मंगळवारपासून हेच. आता इथे असतील, आता नदी लागली असेल, आता आईने खिडकी बंद करायला लावली असेल. पोरीला टिंब काढायला लावायचे."

बाबू नकाशाजवळ गेले. टिंबांची रांग पूल ओलांडून पुढे गेली होती, जंक्शनवर थांबली होती.

"गाडी अडकलीय हे..."

"नाही सांगितलं. बुधवारी रात्री म्हणाले, आता जंक्शनला उतरून झोपले असतील दोघं, सकाळी बस. त्यावरच झोपले." ती चादरीची नसलेली सुरकुती काढत राहिली. बाबूंना जे विचारायचं होतं ते तिला कळलं असावं. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "दादा, खरं सांगू? राग गेला नव्हता त्यांचा. शेवटपर्यंत होता. दादाने तसं करायला नको होतं, असं बुधवारीसुद्धा म्हणाले. पण मी विचारलं, आईंना दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायला सांगू का, तर केवढ्याने ओरडले माझ्यावर. दादा येतोय ना, म्हणाले. मग तो येऊ दे."

बाबू भिंतीला टेकून खाली बसले. कुणी त्यांना उठवलं नाही.

बाराव्या दिवशी रजा संपत आली. बाबूंनी आईजवळ परतीचा विषय काढला. पाणी उतरलं होतं, गाड्या सुरळीत चालू होत्या. आई खाटेवर बसून धाकट्याचे सदरे घडी करत होती. काही जावयाला होतील, काही फडक्यांना, असं सून म्हणाली होती आणि जावई यायला अजून किती वर्षं आहेत, यावर दोघी ओढूनताणून हसल्याही होत्या.

"मी नाही येत," आई म्हणाली. "तुझ्याकडे आयुष्य काढलं. तुझ्या बायकोने कधी उणं पडू दिलं नाही, तिला सांग. पण ह्याच्या घरी मी एक दिवस राहिले नव्हते. आता इथे राहते. आणि मला पुन्हा तो घाट झेपायचा नाही, ते वेगळंच."

"इथे दवाखाना नाही धड, आई."

"मला दवाखाना काय करायचाय?" तिने सदऱ्याची बटणं लावली, एक नव्हतं. "तू येत जा. तुला वाटा ठाऊक आहेत."

बाबूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीला पुतणी त्यांना पोचवायला आली. त्यांची बॅग तिने हट्टाने स्वतः उचलली. बोट सुटली तेव्हा तिने हात हलवला, मग दोन्ही हात डोळ्यांवर आडवे धरून उन्हात उभी राहिली. आई आली नव्हती. ह्या वेळेला तिचा जरासा डोळा लागायचा, आणि तिला उठवायचं नाही असं तिघांनी आधीच ठरवलं होतं.